शिसवी पलंग हलवताना

ओला चुना भिंतीवर सुकू लागला की त्याच्या वासाला एक बोचरी धार येते. गेल्या फाल्गुनात, शिमग्याची राख अजून गल्लीच्या तोंडाशी पडलेली असताना, हायस्कुलात शिकवून घरी परतलो तेव्हा तो वास मला उंबऱ्याबाहेरच भेटला, आणि पायातल्या वहाणा काढण्याआधीच मला कळून चुकले की आज आमच्या घरात कोणीतरी कोणावर चाल करून गेले आहे.

माजघर पांढरे झाले होते. नुसते पांढरे नव्हे, चुन्यात नीळ घातल्यामुळे त्या पांढरेपणाला पहाटेच्या आभाळाची फिकट निळसर झाक आली होती. खोलीच्या मधोमध पदर खोचून, कोपरापर्यंत चुन्याने माखलेली गोदा उभी होती, आणि स्वयंपाकघराच्या दारात, नाकाला पदर लावून, आक्का.

गोदा माझी दुसरी बायको. पहिली, लक्ष्मी, याच माजघरातल्या शिसवी पलंगावर दीर्घ दुखण्यात गेली, आणि तिचे वर्ष सरण्यापूर्वी मी निपाणीच्या एका तंबाखूच्या वखारीतल्या दिवाणजींची मुलगी लग्न करून आणली. घाई केली हे मला तेव्हाही कळत होते. अक्षता पडत असताना मान वर करून पाहण्याची माझी छाती झाली नव्हती. आक्का माझी थोरली बहीण. बोरगावला दिलेली, ऐन तारुण्यात विधवा होऊन परत आलेली. आईवडिलांच्या पश्चात हे घर, लक्ष्मीचे आजारपण आणि मी, असे तिन्ही तिनेच सांभाळले. तिच्याच आग्रहावरून गोदाच्या गळ्यात, मंगळसूत्राच्या शेजारी, सवतीचा टाक आला: लक्ष्मीच्या नावाने घडवलेली चांदीची चपटी प्रतिमा, गेलेल्या बायकोचा कोप होऊ नये म्हणून दुसरीने घालायची. गोदाने तो घातला. पण वाकून काम करताना तो पुढे आला की ती त्याला पाठीवर असा भिरकावून देई की मी नजर दुसरीकडे वळवत असे.

“कुणाच्या हुकमानं रंगवलंस गं?” आक्काने विचारले.

“भिंतीच्या,” गोदा म्हणाली. “काळी पडल्ती, वराडत होती.”

तिथून जी तेढ पडली ती मग माणसांकडून वस्तूंकडे सरकत गेली. माजघराला पश्चिमेची एक मोठी खिडकी आहे. लक्ष्मीला दुखण्यात उजेड सोसेना म्हणून त्या खिडकीपुढे फडताळ सरकवलेले होते, आणि ती गेल्यावरही ते तिथेच राहिले होते. सोय म्हणून सुरू झालेला अंधार पुढे घराची रीत होऊन बसतो. गोदाला तो सहन होत नव्हता. वखारीला लागून तिचे माहेर. हंगामात तंबाखूची भुकटी उडून भाकरीत, डोळ्यांत, अंथरुणात शिरते म्हणून महिनोन् महिने खिडक्या लावून घेतलेल्या, आणि त्या बंद घरात शिंकत शिंकत तिचे बालपण गेलेले. त्यात हे लढाईचे दिवस. रॉकेल मिळत नाही, कंदिलाची वात बोटभर सोडायचीसुद्धा चोरी. दिवेलागणीपर्यंत जेवढा उजेड आत येईल तेवढाच आपला. तिने फडताळ सरकवले. त्या संध्याकाळी पश्चिमेकडचा तो गार वारा, करवंदीच्या फुलांचा आणि दूरच्या जळत्या गवताचा वास घेऊन, किती वर्षांनी कोण जाणे, आमच्या घरात आला आणि परीक्षेच्या पेपरांची चळत उधळून गेला.

दुसऱ्या दिवशी मी परतलो तेव्हा फडताळ पुन्हा खिडकीपुढे होते.

त्यानंतर रोज असेच. गोदाने निपाणीहून तंबाखूची रिकामी खोकी आणवली, त्यांवर गोणपाटाचे पदर घालून वर वडगावच्या मागावरचे, काठ चुकलेले म्हणून बाजूला पडलेले तांबडे कापड ताणून शिवले, आणि भिंतीलगत बसायच्या बैठका केल्या. मला त्या आवडल्या. त्याच कापडाचा पडदा तिने खिडकीला लावला. दुपार कलली की सारी खोली तांबूस होई, जणू कोणी तिच्या अंगावर हळदीकुंकवाचे पाणी ओतले आहे. रॉकेलच्या फुटक्या डब्यांना चुना फासून त्यांत अबोली लावली. आक्का त्या बैठकांवर बसत नसे. त्यांच्यासमोर जमिनीवर बसून शिंकत असे.

“हे घर हाय का वखार? नुसतं बघितलं तरी नाक हुळहुळतंय.”

“मग बघू नका की, वन्सं. डोळं मिटून जप करा.”

“जपच करतीया. कुणाचा ते इचारू नगंस.”

वाचनालयात मी आघाड्यांच्या बातम्या वाचत असे, अमुक सैन्य पुढे सरकले, अमुक मागे हटले. घरी येऊन अबोलीचे डबे मोरीत आणि तांबडा पडदा दोरीवर पिळून टाकलेला पाहिला की मला वाटे, जगात इतकी लहान आणि इतकी निर्दय आघाडी दुसरी नसेल. आणि या आघाडीवर मी काय करीत होतो? दोन्हीकडचा हमाल होतो. फडताळ सरकवताना एकट्या बाईची दमछाक होई. तेव्हा सकाळी “अहो, जरा हात लावता का?” अशी हाक आली की मी हात लावी, दुपारी शाळा लवकर सुटली आणि “दत्तू, हात लाव रं,” अशी हाक आली की तेव्हाही लावी. गोदाबरोबर वस्तू हलवताना मला आपण नवे झाल्यासारखे वाटे आणि आक्काबरोबर त्या परत ठेवताना आपण कृतज्ञ असल्यासारखे. दोन्ही वेळा मला स्वतःबद्दल बरे वाटत होते, हे लिहिताना माझा हात जड होतो.

शेवटी पाळी पलंगाची आली. काळ्याभोर शिसवीचा, खुरांवर कमळे कोरलेला, निम्मे माजघर अडवून बसलेला तो पलंग. लक्ष्मी गेल्यापासून त्यावर कोणी निजले नव्हते. चैत्र लागला होता. गोदाला या घरातली तिची पहिली चैत्रगौर मांडायची होती, पायऱ्यापायऱ्यांची आरास करून गल्लीतल्या बायका हळदीकुंकवाला बोलवायच्या होत्या. बायकांना बसायला जागा हवी. एका सकाळी तिने आणि मी तो पलंग उचलून परसातल्या पडवीत, जळणाच्या शेणींच्या ढिगाशेजारी नेऊन ठेवला. आक्काने ते पाहिले. त्या दिवशी ती जेवली नाही. मी समजलो, लक्ष्मीची आठवण बाहेर टाकली म्हणून. गोदाही तेच समजली.

हळदीकुंकवाच्या दिवशी दुपारी गोदा आमंत्रणे करायला बाहेर पडली. मी पेपर तपासत होतो. आक्का स्वयंपाकघरात कैऱ्या किसत होती. विधवेला समारंभात बसता येत नव्हते, पण डाळ आणि पन्हे तिच्याच हातचे लागत होते. मग किसणीचा आवाज थांबला आणि ती दारात आली.

“दत्तू, पलंग आत घे.”

मी कारण विचारले नाही. अशा वेळी माणूस कारण विचारत नाही, कारण विचारले की उत्तर ऐकावे लागते आणि उत्तर ऐकले की कोणाची तरी बाजू घ्यावी लागते. मी उठलो, एक टोक मी धरले, एक तिने. पदराने तिने त्यावरची शेणींची भुकटी पुसली, आणि आम्ही तो आणून बरोबर मधोमध, जिथे होता तिथे ठेवला.

गोदा आली. ऊन लागून तिचा चेहरा लाल झाला होता. ती पलंगाकडे पाहत राहिली, मग माझ्याकडे.

“वन्संच्यानं एकटीनं हा हलत न्हाय,” ती म्हणाली. “दुसरीकडनं कुणी धरलं?”

माझ्या हातात तांबड्या शाईचा टाक होता. मी तो दौतीत बुडवला.

“सांगा की. का तेवढं बी मीच सांगू?”

“बायका यायची वेळ झाली,” मी म्हणालो. याहून हलके वाक्य मी आयुष्यात उच्चारले नसेन.

“व्हय, बोलवून आलीया म्हणून थांबली. न्हायतर ट्रंक भरायला किती वेळ लागतोय? निपाणीच्या मोटारीला माझ्यासारख्या लई बसत्यात.” ती हे ओरडून बोलली नाही. पुढ्यात ठेवलेले जिन्नस मोजून घ्यावेत तशी बोलली, आणि मला पहिल्यांदा खरोखर भीती वाटली. ही जाईल, आणि उद्या खिडकीपुढे फडताळ लागेल, आणि मग ते कधीही हलणार नाही.

पण त्या क्षणी ती गेली नाही. तिने पदर खोचला, तंबाखूची ती खोकी उचलून थेट पलंगावर चढवली, एकावर एक, आणि त्यांवर तांबडे कापड अंथरले. पायऱ्या तयार झाल्या. वरच्या पायरीवर छोट्या पाळण्यात गौर बसवली, खाली कलिंगडाची कमळे, हरभऱ्याच्या राशी, अबोलीचे चुना फासलेले डबे. शिसवीची काळी चौकट आणि तिच्यात पेटल्यासारखी ती आरास. इतकी सुंदर मांडणी मी आमच्या घरात पाहिली नव्हती; आणि इतकी रागाने केलेलीही. शेवटी तिने गळ्यातला सवतीचा टाक काढला आणि गौरीच्या पायाशी ठेवला.

“घ्या, बाईसाहेब. तुमचाच पलंग, तुमीच बसा. अहेव, सवाशीण गेलासा, पयलं कुंकू तुमचं.”

“तिचा कसला गं पलंग?”

आक्का दारात होती. हाताला कैरीचा किस तसाच चिकटलेला. ती आत आली नव्हती, उंबऱ्याच्या पलीकडेच उभी होती, पण तिचा आवाज मी लहानपणापासून ऐकलेला आवाज नव्हता.

“माझा हाय त्यो. माझ्या लग्नातला. बोरगावास्नं माघारी आले तवा माझ्यामागनं दुसऱ्या गाडीतनं आला. ह्यो दत्तू तवा त्याच्यावर बसून आलता, हसत. लक्ष्मीला दुखण्यात दिला, दिला म्हणजे काय तिचा झाला व्हय?” मग माझ्याकडे वळून, “आनि तू? शेणीत नेऊन टाकलास.”

खरे होते. सुगीनंतरचा तो दिवस होता, गाडीच्या चाकांच्या धावांखाली धूळ उसळत होती, पुढच्या गाडीत पांढऱ्या लुगड्यात आक्का होती आणि मागच्या गाडीत, पालथ्या घातलेल्या पलंगाच्या चार खुरांमध्ये, मी राजासारखा बसलो होतो. हे मी विसरलो होतो असे म्हणणे सोपे आहे. विधवेने घोंगडीवर निजायचे. पलंग असला तरी तिने त्यावर निजायचे नाही. मग तो कोणाचा, हा प्रश्नच आम्हाला कधी पडला नव्हता. तिच्या संसारातली चारचौघांना दिसेल अशी एवढी एकच गोष्ट उरली होती आणि ती घराच्या मध्यावर ठेवून आक्का इतकी वर्षे तिच्या भोवतीने केर काढत आली होती.

 बाहेर बांगड्या वाजल्या, बायका आल्या. आक्का मागे सरली, दार लोटून घेतले. मी बाहेर सोप्यावर बसलो होतो, आतले सगळे ऐकू येत होते. कौतुक, कुजबुज, पन्ह्याच्या भांड्यांचे आवाज. मग शेजारच्या कोणा म्हाताऱ्या बाईंचा घोगरा आवाज आला, “अगं, हा पलंग लक्ष्मीचाच न्हवं? त्याच्यावर गौर?”

“लक्ष्मीबाईंचा न्हाय,” गोदा म्हणाली, आणि बंद दारापलीकडे नीट पोचेल इतक्या मोठ्याने म्हणाली. “आमच्या वन्संच्या लग्नातला हाय. त्यांनी दिला म्हणून गौर बसली.”

 थोड्या वेळाने डाळीचे दुसरे पातेले दाराच्या फटीतून बाहेर सरकले.

याने काही मिटले असे समजू नये. त्या दोघी एकमेकींशी पुढेही तशाच बोलत राहिल्या. गौर महिनाभर बसली, पडदा निघाला नाही एवढेच. पण शिंका चालू होत्या आणि त्यांची उत्तरेही. त्या रात्री माळ्यावरून उतरवलेली ट्रंक गोदाने पुन्हा वर चढवलीच नाही. ट्रंक दाराशीच होती.

अक्षय तृतीयेला गौर उतरली. दुसऱ्या सकाळी माजघरातून लाकूड घासल्याचा आवाज आला म्हणून मी आत गेलो. पलंगाचे एक टोक गोदाच्या हातात होते, दुसरे आक्काच्या. आक्का निजते त्या कोठीच्या खोलीकडे त्या निघाल्या होत्या.

“जरा तिरकं घ्या, वन्सं.”

“तिरकं तुला जमतंय. मी सरळच घेनार.”

“मग भिंत पाडा.”

मी पुढे झालो, हात लावायला.

“तुमी पेपर तपासा,” गोदा म्हणाली.

“व्हय, तू बस रं,” आक्का म्हणाली.

त्या दोघी एखाद्या गोष्टीवर एकमताने बोलल्याचे मला दुसरे आठवत नाही. खूर चौकटीला अडला, दोघी एकमेकींना बोलल्या, थांबल्या, दम घेतला, पुन्हा उचलला. आत गेल्यावर उशाकडची बाजू कुठे यावरून नवे भांडण लागले आणि ते बराच वेळ चालले. आक्का त्यावर निजेल की नाही ते मला ठाऊक नव्हते. विचारण्याचा अधिकारही वाटला नाही.

मी मोकळ्या झालेल्या माजघरात खुर्चीवर बसलो. खिडकीतून प्रकाश येत होता आणि सारवलेल्या जमिनीवर पलंगाएवढा एक गडद चौकोन उघडा पडला होता. माझ्या मनात आले, या घरातली एकेक वस्तू कोणीतरी हट्टाने हलवली आहे आणि कोणीतरी तितक्याच हट्टाने परत आणली आहे. जीव तोडून भांडावे इतके प्रत्येकीला कशाचे ना कशाचे मोल वाटले आहे. मी मात्र सोयीचा म्हणून सगळीकडे होतो. मी उठलो, खुर्ची उचलली, चार पावले गेलो, आणि ती कुठे ठेवावी हे मला सुचेना.

गोदा केरसुणी घेऊन आली. तिने पदर खोचला, त्या गडद चौकोनावरून केर ओढत ओढत ती माझ्यापर्यंत पोचली, आणि मला बाजूला व्हायला न सांगता, माझ्या पायांभोवतीने केर काढून पुढे गेली.