वस्तादांची माती
बेगम बाजारात हळदीच्या पोत्यांजवळून गेलं की मला बरकतपुऱ्यातली आमची तालीम आठवते. तिथल्या कुस्तीच्या हौदातल्या लाल मातीत हळद, ताक आणि तेल मुरलेलं असे, आणि लहानपणी मी त्याच मातीत वस्तादांकडे कुस्ती शिकलो. पुढे ती जागा विकली गेली, तिथे गाण्याच्या कार्यक्रमांसाठी सभागृह बांधायचं ठरलं आणि इंजिनियर म्हणून ते काम नेमकं माझ्याकडे आलं. वस्ताद एवढंच म्हणाले, "हौदावर काँक्रीट टाकायच्या आधी मला फोन कर. एक पोतं माती नेतो, माझ्या वस्तादांनी कालवलेली आहे." मी हो म्हणालो. पण त्या दिवशी काँक्रीटची गाडी दारात खोळंबली होती, साहेब घाई करत होते, आणि मी फोन केलाच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी वस्ताद आपणहून आले, काखेत धुतलेलं रिकामं पोतं घेऊन. ओल्या काँक्रीटकडे बराच वेळ बघून त्यांनी विचारलं, "फोन लावला होतास का, बेटा?" "लावला होता, वस्ताद. लागलाच नाही," मी म्हणालो. "माझाच डब्बा खराब आहे. तू नक्को वाईट वाटून घेऊ," असं म्हणत त्यांनी माझी पाठ थोपटली. आठवड्याभरात त्यांनी नवा फोन घेतला आणि पहिला मलाच लावला. "आता लागतो ना रे?" आज त्या सभागृहात देशभरचे गवई येतात, तिकिटं मिळत नाहीत. वस्ताद अजूनही दर दसऱ्याला फोन करतात, आणि मी त्यांची तब्येत विचारून फोन ठेवून देतो.