घरमालकांच्या पेट्रोलच्या टाकीचं झाकण

प्रताप नगरातल्या आमच्या घरमालकांचा चोरांवर जेवढा भरवसा होता, तेवढा मी कोणाचाच कोणावर पाहिलेला नाही. दूधवाला वेळेवर येईल, नळाला पाणी येईल, भाडेकरू जिन्यातला दिवा बंद करेल, यातलं काहीच त्यांना खरं वाटत नसे. चोर मात्र मेहनती असतो, एक दिवस सुट्टी घेत नाही आणि शहरातली बाकीची घरं सोडून आपल्याच फाटकापाशी उभा असतो, याबद्दल त्यांची पक्की खात्री होती. सगळी नोकरी ट्रेझरीत गेलेली. निवृत्तीनंतर राखायला सरकारी तिजोरी उरली नाही, तेव्हा त्यांनी घराचीच तिजोरी केली. कूलरच्या पंपाला साखळी, संत्र्याच्या एकुलत्या एका झाडाला जाळी, जाळीला कुलूप, आणि गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीलाही कुलूप. मी एकदा विचारलं, "काका, एवढी मोठी टाकी कोण उचलून नेणार?"

"टाकी काहून नेईन कोणी?" ते म्हणाले. "पाणी नेईन ना! नागपूरचा मे महिना पाहिला नाही काय तुम्ही?"

त्यांच्या जुन्या पांढऱ्या गाडीच्या पेट्रोलच्या टाकीला चाबीचं झाकण होतं. ते त्यांनी मुद्दाम वेगळं विकत आणून बसवलं होतं. शिवाय टाकीत दोन लिटरच्या वर पेट्रोल ठेवायचं नाही, म्हणजे चोरानं झाकण उघडलंच तर त्याची निराशा व्हावी, असा नियम होता. झाकणाची चाबी दर आठवड्याला नव्या जागी लपवली जाई. तांदळाच्या डब्यात, कॅलेंडरच्या मागे, एकदा तर काकूंच्या शिवणाच्या मशीनमध्ये. काकू मशीन चालवायला बसल्या आणि सुई मोडली, तेव्हा ती सापडली.

त्या वर्षी भाऊबीजेला सावनेरला त्यांच्या आक्काकडे जायचं होतं. आक्का ऐंशीच्या पुढे. भावाला ओवाळल्याशिवाय घास घेत नसत. गाडी मी चालवायची, कारण स्वतः चालवलं की रस्त्यावरच्या लोकांवर नजर राहत नाही, असं काकांचं म्हणणं. जरीपटक्याच्या पुढे काटा अगदी तळाला टेकला. मी पंपावर गाडी लावली. काकांनी खिसे चाचपले, मग पिशवी, मग चष्म्याचं घर. मग त्यांचा चेहरा उतरला.

"चाबी कुठं ठेवली, थे लिहून ठेवलं आहे," ते म्हणाले.

"कुठे?"

"घरी. कपाटात."

झाकण नुसतंच गोल फिरत होतं, उघडत नव्हतं. मागे रांग वाढू लागली. पंपावरच्या माणसानं पेचकस आणला. "तोडाचं नाही!" काका झाकणावर हात ठेवून ओरडले. एक रिक्षावाला म्हणाला, दाबून फिरवा. दुसरा म्हणाला, ओढून फिरवा. काकांनी दोघांकडेही बारकाईनं पाहिलं. एवढी माहिती सभ्य माणसाला कुठून असणार? चाबीवाला शोधावा तर सणाची सगळी दुकानं बंद. तेवढ्यात आक्कांचा फोन. "निंगाला का गा?"

"पोचूनच राहिलो," काका म्हणाले आणि आमच्याकडे पाठ फिरवून उभे राहिले. पाऊण तासात असे तीन फोन आले. तिसऱ्या वेळी त्यांनी पेचकसाकडे पाहिलं आणि झाकणावरचा हात हळूच काढून घेतला.

तेव्हा रांगेतल्या स्कूटीवरच्या एक बाई पुढे आल्या. "काका, तोडाच्या आधी माही चाबी लावून पाहू का? आमच्या दिराच्या गाडीच्या डिक्कीलेबी लागते थे."

"बाई, हे स्पेशल लॉक आहे," काका म्हणाले.

बाईंनी चाबी घातली, जरा हलवली आणि फिरवली. झाकण हातात आलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. काकांनी तेवढं झाकण उलटंपालटं करून पाहिलं. पेट्रोल भरून आम्ही कोराडी मागे टाकली. मग काका म्हणाले, "म्हणजे बारा वर्षं हे कोणाच्याही चाबीनं उघडत होतं?"

"झिजलं असेल हो आता."

"मंग नेलं काहून नाही कोणी?" त्यांच्या आवाजात सुटकेपेक्षा अपमान जास्त होता.

सावनेरला पोचायला साडेतीन वाजले. आक्का ओसरीवर ताट घेऊन बसल्या होत्या, उपाशी. काकांनी वाटेत रचलेलं ट्रॅफिकचं कारण सांगायला सुरुवात केली. त्या म्हणाल्या, "राहू दे. तू येशीनच, हे मले मालूम होतं." ओवाळताना त्यांच्या हातातलं निरांजन तिरपं होत होतं. काकांनी खालून त्यांचं मनगट धरलं आणि बहीणभावांनी मिळून ओवाळणं पुरं केलं.

पुढे आक्का वारल्या. यंदा भाऊबीजेला सकाळीच काका इस्त्रीचा सदरा घालून वर आमच्याकडे आले, मोटर नीट पाणी ओढत नाही म्हणून उगाच बोलत बसले आणि निघून गेले. थोड्या वेळानं माझ्या बायकोनं ओवाळणीचं ताट लावलं आणि ती खाली त्यांच्याकडे गेली. मी तिच्या मागे उभा होतो.  काका पाटावर बसले, खिशातून टोपी काढली, आणि ती नुसतीच हातात धरून किती तरी वेळ उलगडत राहिले.