तीन नंबरच्या लाईनीवरची गाडी

मला फसवलं ते पुण्यातल्या एका ट्रेनिंग सेंटरच्या मालकानं. कोणी उलटं सांगत असेल तर ते खोटं आहे. नाव लिहीत नाही, वकील नको म्हणतो.

भुताखेतांवर माझा विश्वास कधीच नव्हता. अमावस्येला गिऱ्हाईक नसतं, माल स्वस्त पडतो, म्हणून जुनी मशिनं मी मुद्दाम अमावस्येला उचलायचो. हातगाडीवर भंगार गोळा करत सुरुवात केली, आज सुप्यात एमआयडीसीच्या रस्त्याला स्वतःची शेड आहे.

त्याच शेडमध्ये माझी भाची वैशाली रेल्वेचे क्लास घेते... घ्यायची. तिच्यासाठी मी त्या पुण्याच्या मालकाकडून जुना सिम्युलेटर घेतला. म्हणजे खऱ्या स्टेशनात असतं तसं कंट्रोलचं टेबल. बोर्डवर रुळांच्या रेघा, बटणं, बाजूला फोन. गाड्या मात्र कॉम्प्युटरमधल्या, खोट्या. ज्या रुळावर गाडी, तिथं लाल दिवा. बघायला गेलो तेव्हा एकही गाडी चालू नसताना तीन नंबरच्या लाईनीवर लाल दिवा होता. मालक म्हणाला, "बल्बचा दोष आहे हो, किरकोळ." त्या किरकोळीवर मी भाव पाडला. तो लगेच उतरला. इतक्या लवकर कोणी उतरत नाही!

सुप्यात आणून बल्ब बदलला – लाल. कॉम्प्युटरवाल्यानं सगळं पुसून नव्यानं भरलं – लाल. पोरं तीन नंबरवर गाडी घ्यायला गेली की टेबल नकार द्यायचं, तिथं आधीच गाडी उभी आहे म्हणून. पोरं हसायची. दोघातिघांनी तर नगरला दुसरा क्लास लावला. वैशालीचं तोंड उतरलेलं मला बघवत नव्हतं.

एका दुपारी पोरं जेवायला बाहेर गेली होती आणि टेबलावरचा फोन वाजला.

"मामा, इकडं या..." वैशालीचा आवाज बारीक झाला होता. "ह्याची वायर अजून खोक्यात आहे."

मी तिच्या हातातला रिसीव्हर ओढून घेतला. "कोन हाय रं?"

"मास्तर, सिग्नल द्या." दमलेल्या माणसाचा आवाज. मागं लहान मूल किरकिरत होतं. "कवाधरनं उभा हाय. गाडीत मानसं हायेत."

माझं डोकं फिरलं. वाटलं, पुण्यातूनच कोणीतरी चेष्टा करतंय. "माझ्या लाईनीत उभं ऱ्हायचं भाडं कोन देनार, तुझा बाप?"

"तुमी सोडा, मी जातो मास्तर."

"सोड गं ह्याला!" मी वैशालीवर ओरडलो.

"थांबा मामा. पुढच्या स्टेशननं 'घेतो' म्हटल्याशिवाय गाडी सोडत नाहीत. विचारू तरी द्या."

"कुनाला विचारती? पुढं स्टेशन हाय कुठं? खेळनं हाय ते!"

आणि मीच सिग्नलचं बटण दाबलं.

पुढून होकार नसताना हिरवा सिग्नल पडायलाच नको, टेबल तसंच बनवलेलं असतं, असं वैशाली नंतर म्हणाली. पण पडला. फोनवर "येतो मास्तर" एवढं ऐकू आलं आणि शेडचे पत्रे थरथरले. अगदी जवळून गाडी जावी तसे. सुप्यात रेल्वे नाही. लाल दिवा एकेक घर पुढं सरकत बोर्डच्या कडेला गेला आणि विझला.

मी तिथल्या तिथं मालकाला मोबाईल लावला. "काय हो साहेब, तुमचे बल्ब बोलत्यात व्हय?"

तो हळूच म्हणाला, "सोडलीत का?"

"सोडली!"

"पुढं कोणी घेतली?"

मी काही बोलायच्या आत त्यानं फोन ठेवला. आता तो उचलत नाही. पुण्याला गेलो, तर मला बघून मागच्या दारानं निघून गेला.

तीन नंबर आता मोकळी आहे. टेबल एकदम मस्त चालतं. पण वैशाली त्याला हात लावत नाही. म्हणते, "मामा, पुढच्यानं घेईपर्यंत गाडीची जबाबदारी सोडणाऱ्याचीच असते. ते मूल माझ्या टेबलावरून गेलं." क्लासला कुलूप आहे. इंजिनिअर आणले, त्यांनाही काही सांगता आलं नाही. मलाही नाही.

पण मालका, तुला सांगता येतं. बल्ब म्हणून माझ्या गळ्यात गाडी बांधलीस तू! पैसे ठेव तुझ्याकडं. फक्त सुप्याला ये, आणि तुझ्याकडं कोणीच तिला का सोडत नव्हतं, अन् आता ती माणसं कुठं उभी आहेत, ते माझ्या भाचीला तिच्या तोंडावर सांग.