शेवंताची पाण्याची गोळी

तीन बायका एका खोलीत राहिल्या की किस्से खरकट्या भांड्यांसारखे साठतात. घासावेत तेवढे थोडेच! त्यातून आम्ही जन्माने मुलगे, मनाने बायका आणि टाळी वाजवून पोट भरणाऱ्या. ऐंशीच्या दशकात वसईजवळच्या गोखिवऱ्यात एका चाळीत आम्ही राहायचो. आमची गुरू अम्मा, शेवंता आणि मी, चंदा. किस्से सगळ्यांचे, पण हिरॉईन कायम शेवंताच! मी जळायचे. आजही जळते, खोटं कशाला बोलू?

*

तेव्हा आमचं औषध म्हणजे सरकारी दवाखान्यातल्या कुटुंब नियोजनाच्या गोळ्या. त्या घेतल्या की अंग बाईचं होतं, असं आमच्यात म्हणत. अम्मा पदर सावरून बायकांच्या रांगेत उभी राहायची. एकदा नव्या नर्सने विचारलं, "मुलं किती?"

"एकही नाही."

"मग गोळ्या कशाला?"

"बघा ना बाई, किती गुणकारी आहेत!"

*

शेवंताचं बीपी वाढलं, पाय सुजले. वसईच्या डॉक्टरने अंगातलं पाणी उतरवायची गोळी दिली. सूज गेली ती गेलीच, पण काही महिन्यांत तिची दाढी विरळ झाली आणि छाती भरून आली! मी रोज सकाळी हनुवटी सोलून घ्यायचे आणि ही बया आरशासमोर पावडर लावत गुणगुणायची. गळा दाबावासा वाटायचा.

डॉक्टर मात्र घाबरला. "ही गोळी पुरुषाच्या हार्मोनला आडवी येते. त्याचा साइड इफेक्ट आहे हा. बदलून देतो."

शेवंताने त्याचे पायच धरले. "डॉक्टर, या साइड इफेक्टची मी जन्मापासून वाट बघतेय!"

डॉक्टरने कपाळाला हात लावला आणि तीच गोळी पुन्हा लिहून दिली.

*

मलाही ती गोळी हवी होती. पण बीपी असल्याशिवाय डॉक्टर देईना. मग वाढवू की बीपी! आठवडाभर खारा बांगडा, पापड, लोणचं, वरून भातावर मीठ. जिभेची सालं निघाली. डॉक्टरने दंडाला पट्टा बांधला, फुगवला आणि हसून म्हणाला, "एकदम नॉर्मल! अभिनंदन!"

बाहेरच्या बाकावर बसून मी ढसाढसा रडले. शेजारच्या म्हातारीने पाठीवरून हात फिरवला. "काय निघालं गं बाय?"

"काहीच नाही निघालं हो मावशी!"

*

एका बाबतीत मात्र देव माझ्या बाजूने होता. त्या गोळीवर केळी आणि शहाळं फार खायचं नाही, हृदयाला धोका, असं डॉक्टरने शेवंताला बजावलं होतं. वसईत राहून केळी वर्ज्य! पापडी गावात केळीच्या एका वाडीवाल्याकडे नातू झाला, आम्ही नाचलो, तर त्याने खूश होऊन केळ्यांचा अख्खा घडच दिला. मी शेवंतासमोर मांडी घालून बसले आणि एकेक केळं सावकाश सोलून खाल्लं.

"खा गं, खा," ती शांतपणे म्हणाली. "छाती नाही तर नाही, पोट तरी सुटेल!"

*

शेवंताची आई अर्नाळ्याची, मासळी विकणारी. शेवंताने घर सोडलं तेव्हा तिला नुकतं मिसरूड फुटलं होतं. बाप होता तोवर आईला तिचं नाव काढायची सोय नव्हती. तो वारला आणि पत्ता विचारत विचारत म्हातारी एका सकाळी आमच्याकडे आली. डोळ्यांत मोतीबिंदू. दार शेवंतानेच उघडलं. नवी साडी, गजरा, गुळगुळीत गाल.

"बाय, माजा गनेश हितं ऱ्हातो का?"

 म्हातारी शेवंताला बाजूला सारून आत आली. खाटेवर मी तापाने पडलेले, अंगात लुंगी-बनियन, दाढीला हात लावून किती दिवस झालेले. म्हातारीने माझं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि रडायलाच लागली. तिच्या खांद्यावरून मला दार दिसत होतं. शेवंता तिथेच उभी राहून माझ्याकडे बघत होती. ती नजर माझ्या चांगलीच ओळखीची होती.

मी म्हातारीचे हात तसेच राहू दिले. 

म्हातारीने माझ्या खरखरीत गालावरून हात फिरवला. "किती वाळलास रं पोरा! दाढी तरी करत जा."