दाराचं रबर

शहाडहून स्कूटरवर येणारा आमचा फ्रिजवाला दारात चपला काढतो आणि कुणाशी काही बोलायच्या आधी फ्रिजकडे जातो. खिशातली कागदाची पट्टी दारात धरून दार लावतो आणि पट्टी ओढतो. ती अलगद सुटून आली की म्हणतो, "रबर गेलं, काकू." नवं रबर बसवताना हेअर ड्रायरने ऊब देत त्यालाच समजावत राहतो, "बस रे, बस आता."

पूर्वी हे काम तो अर्ध्या तासात उरकायचा. माझे यजमान चहासाठी आग्रह करायचे, तर उभ्या उभ्या पिऊन मानपाड्याच्या गिऱ्हाइकाकडे पळायचा.

यजमान गेल्यानंतर तो पहिल्यांदा आला, तो मागच्या महिन्यात. त्याने फ्रिज उघडला. आत दह्याची एक वाटी होती आणि अर्धं लिंबू. रबर बसवून झाल्यावर म्हणाला, "तासभर थांबायला लागेल, काकू. नीट बसतंय का बघतो." मग यजमानांची खुर्ची सोडून बाजूची ओढून बसला. दोनदा चहा झाला.

काल मीच कॅलेंडरच्या कागदाची पट्टी दारात धरून ओढली. ती फाटली, पण सुटली नाही. तरी मी फोन केला.

"रबर सुटतंय असं वाटतंय रे."

"येतो, काकू."

कुठल्या बाजूने सुटतंय, ते त्याने विचारलं नाही.