डब्यावरची ओळ

अक्काला जाऊन सहा वर्षं झाली. तिच्याबद्दल खूपदा बोललो आहे, लिहिलंही आहे. एवढी एक गोष्ट मात्र कुणाजवळच बोललो नाही. आताही कुठून सुरू करावं ते कळत नाही. डब्यापासून करतो.

मी मानवतच्या शाळेत मराठी शिकवायचो. गावात एक ओळखीचे व्यापारी होते. बाहेरून पोत्यात येणारी भुकटी ते लहान डब्यांत भरून विकायचे. वजन कमी करण्याची, वनस्पतींची. कडू संत्र्याच्या सालीचा अर्क, हिरव्या कॉफीचा अर्क, आणखी दोन-तीन नावं. परवाना खाद्यपदार्थाचा होता, औषधाचा नव्हता. म्हणून आत काय आहे, किती आहे, हे कुणी विचारायला आलं नाही. पोत्याबरोबर इंग्रजीत छापलेला एक कागद यायचा. त्यावरून डब्यासाठी मराठी मजकूर करून द्या, असं त्यांनी मला सांगितलं. मला आनंद झाला — माझं लिखाण तोवर शाळेच्या वार्षिकाबाहेर कुठे छापलं होतं?

त्या कागदावर एक ओळ होती. रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असलेल्यांनी घेऊ नये, रिकाम्या पोटी घेऊ नये, चहा-कॉफीबरोबर घेऊ नये. मी ती नीट मराठीत केली. व्यापारी वाचून हसले. म्हणाले, "सर, एवढं लिहिल्यावर घेईल कोण? आणि डबा केवढा, जागा कुठंय?" मी ओळ काढली. त्यांनी काढायला लावली असं म्हणता येईल — पण तिच्या जागी जे आलं ते त्यांनी सांगितलं नव्हतं. ते माझं. 'शुद्ध वनस्पती. उपवासालाही चालते.' सुटसुटीत जमलं, असं तेव्हा वाटलं होतं.

त्यांनी मला तीन डबे भेट दिले. ते मी झरीला अक्काकडे नेले. अक्का माझी थोरली बहीण; आईमागं तिनंच मला वाढवलं. तिचे गुडघे दुखायचे, डॉक्टर वजन उतरवा म्हणायचे. तिनं डबा हातात घेऊन मजकूर मोठ्यानं वाचला, शेजारणीलाही ऐकवला. शेजारीण म्हणाली, "आता काय लगीन लावायचंय का अक्का?" अक्का म्हणाली, "लावते की. तुला वरातीत म्होरं नाचवते. माज्या भावानं लिव्हलंय हे, दुकानदारानं न्हाई."

ती सोमवार करायची. सोमवारी दिवसभर नुसता चहा. एरवी ती भुकटी एक चमचा घ्यायची, सोमवारी दोन; पोट रिकामं असल्यावर गुण लवकर येतो, हा तिचा हिशेब. उपवासाला चालते म्हणून मीच लिहिलं होतं ना?

तीन आठवड्यांनी तिचा फोन आला. "छातीत धडधड व्हायलीय रे. बीपीची गोळी चालू हाय माजी. चालतंय का हे?"

काढलेली ओळ मला पाठ होती. ती सांगायची, तर आपण ती काढली हेही सांगावं लागलं असतं. मी म्हणालो, "वनस्पतीच आहे अक्का. सुरुवातीला होतं तसं."

"मग बरं," ती म्हणाली.

पुढच्या सोमवारी दुपारी ती गेली. परभणीच्या दवाखान्यात नेईपर्यंतही टिकली नाही. डॉक्टरांनी विचारलं, काय काय घेत होत्या? अक्काची मुलगी सुनीता तिच्याजवळच राहायची. ती रडत म्हणाली, बीपीच्या गोळ्या संपल्या होत्या, दोन दिवस आणायच्या राहिल्या — माझ्याकडून. डॉक्टरांनी मान हलवली. मी शेजारीच उभा होतो. झरीला परतल्यावर सगळे अंगणात असताना स्वयंपाकघरात गेलो आणि उघडा डबा आणि शिल्लक राहिलेला दुसरा पिशवीत घातला.

भुकटीनंच ती गेली का? मला माहीत नाही. कळण्याची एकच वाट होती, ती मी पिशवीत घालून घरी आणली.

सुनीताच्या नवऱ्याला आता साखर आहे. ती रोज सकाळ-संध्याकाळ त्याच्या गोळ्यांचं पाकीट उजेडात धरून बघते. मागच्या दिवाळीला म्हणाली, "मामा, दोनच दिवस हो. दोन दिवसांत माणूस जातंय का?" मी चहा पीत होतो. तो संपवला आणि बसला उशीर होईल म्हणून निघालो.

डबे माझ्या कपाटात आहेत, पुस्तकांच्या मागे. परवा त्यातला एक काढला. ती जुनी ओळ बारीक अक्षरात कागदाच्या पट्टीवर लिहिली आणि 'उपवासालाही चालते'वर ठेवून पाहिली.

जागा होती.