पालक, मेथी आणि पुढे ढकललेली शस्त्रक्रिया

मागच्या हिवाळ्यात वाशिमच्या एका खासगी दवाखान्यात माझ्या मोठ्या बहिणीची पित्ताशयाची शस्त्रक्रिया पुढे ढकलली गेली. रक्त कमी होतं. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या, पालेभाजी खायला सांगितली आणि महिनाभराने बोलावलं. कोणती पालेभाजी, हे सांगायचं राहिलं.

बहिणीचं सासर शेलूबाजारला. गावाला लागून त्यांचा मळा आहे आणि त्यात तिच्या सासूबाईंची मेथी असते. आमच्या गावी, जऊळक्याला, विहिरीवर आईचा पालक असतो. दर दोन-तीन दिवसांनी आई पालकाच्या जुड्या घेऊन शेलूबाजारला जीपमधून उतरायची. जुड्या दिसल्या की सासूबाई मेथी निवडायला बसायच्या.

"मेथी कळू. बिमार पोरीले कळू कायले चारता?" आई म्हणायची.

"पालकात काय हाय, इहीनबाई? गंजभर टाका, शिजला का वाटीभर राह्यते."

बहीण भिंतीला टेकून दोन्ही भाज्या खायची. मधूनच पोट धरायची. "मले कोनी इचारून राह्यलं काय?" ती एकदा म्हणाली. "मले शेपू आवडते." दोघींनी तिच्याकडे सारख्याच नजरेने पाहिलं.

मी वर्तमानपत्रात काम करतो, म्हणून निवाडा माझ्याकडे आला. मी पोषणमूल्यांचे दोन तक्ते पाहिले. आकडे जुळत नव्हते, कल मात्र एकच होता. लोह आणि कॅल्शियम मेथीत जास्त. रक्त तयार व्हायला लागणारं फोलेट पालकात जास्त. पालकातल्या ऑक्झॅलेटमुळे त्यातलं लोह अंगाला कमी लागतं. दोन्ही बाजूंना सारखी जागा द्यायची सवय असल्याने मी सगळं एकाच सुरात वाचून दाखवलं. सासूबाईंनी पहिलं वाक्य ऐकलं आणि त्या उठून मेथीला फोडणी द्यायला गेल्या. आईने तिसऱ्यापर्यंत धीर धरला. मग विचारलं, "तू कोनाच्या घरचा हायेस?"

विहीण घरी आली की चहा झाल्याशिवाय तिला उठू द्यायचं नाही, ही रीत. त्यामुळे आधी जेवण, मग वाद, मग चहा असा क्रम बसून गेला. कप बहिणीलाही मिळायचा. गोळीने तिला मळमळायचं. "गोळी चहासंगं घेत जाय, तोंडाले चव येते," असं सासूबाईंनी सुचवलं. आईने लगेच मान डोलावली. महिनाभरात दोघींचं एकमत झालेला हा एकच मुद्दा होता.

महिन्याने तपासणी झाली. रक्त होतं तिथेच होतं. शस्त्रक्रिया पुन्हा पुढे गेली. कोणती भाजी दिली, असं डॉक्टरांनी विचारल्यावर दोघी एकदम बोलल्या. त्यांनी दोघींचं ऐकून घेतलं आणि बहिणीला विचारलं, "गोळी कशासोबत घेता?"

"चहासंगं. आनि जेवनावर एक कप."

चहामुळे लोह अंगाला लागत नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. गोळी लिंबाच्या पाण्यासोबत घ्यायची. जेवणाच्या आगेमागे चहा बंद. भाजी कोणतीही चालेल.

"चहा तं तुमालेच लागते, इहीनबाई," दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना सासूबाई म्हणाल्या.

"म्या कदी मांगतला? तुमीच ठेवता."

पुढच्या तपासणीत रक्त वाढलेलं निघालं. त्याच आठवड्यात शस्त्रक्रिया झाली. त्या दिवशी दवाखान्यात दोन डबे आले. बहिणीला संध्याकाळपर्यंत तोंडाने काही द्यायचं नव्हतं. पालक मेहुण्यांनी खाल्ला, मेथी मी.